दारावरची तारेवाली

मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा गावात नव्हती, आणि असती तरी मला कोणी पाठवलं नसतं. जेवढं लिहिता येतं तेवढ्यात हे लिहिते आहे. नात म्हणाली, "आजी, तू नेहमी सांगतेस ते लिहून ठेव." बरं झालं. लिहिताना मध्ये कोणी तोंड घालत नाही.

आमची बागायत कारंज्याजवळ आहे. वांगी, मेथी, मिरची, कोथिंबीर. पहाटे तोडायचं आणि बाजारात नेऊन बसायचं, हे माझं रोजचं काम. दुसरं काम लग्नसराईतलं. मी दारं रंगवत असे. आमच्याकडे ज्या घरी लग्न, त्या घराच्या दर्शनी भिंतीवर चित्रं काढायची रीत होती. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन हत्ती, त्यांच्या सोंडा वर उचललेल्या. हत्तींखाली हातात भाला घेतलेले भालदार. मोर, पोपट, केळीची झाडं. चौकटीच्या वर गणपती. माझी आई हे काढायची, तिच्याकडून मी शिकले. चुन्याचा पांढरा, गेरूचा लाल, निळीचा निळा, काजळीचा काळा. खजुरीची काडी ठेचली की ब्रश झाला. हत्ती मी एका दमात काढायची. आधी कोळशानं आखून घ्यावं लागतं असं इतर बायांचं होतं, माझं नव्हतं. हे मी फुशारकीनं सांगत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. फुशारकीनंच सांगते.

एका वर्षी कापसाच्या हंगामात कारंज्याला सर्कस आली. माझी पोरं तेव्हा लहान होती. माझी जाऊ आणि मी त्यांना घेऊन दुपारच्या खेळाला गेलो. मी गेले होते हत्ती पाहायला. इतकी वर्षं हत्ती काढला, पण खरा कधी पाहिला नव्हता. पाहिला तर त्याचे कान माझ्या हत्तीच्या कानांपेक्षा बरेच लहान निघाले. तो स्टुलावर बसला, सोंडेनं सलाम केला आणि गेला. मला काही विशेष वाटलं नाही.

मग एक बाई तारेवर चढली. हातात कागदाची छत्री, अंगात चमकीचा तोकडा फ्रॉक. माझ्यापेक्षा थोडी लहान असेल. खाली बँड वाजत होता, लोक ओरडत होते, माझी जाऊ डोळे झाकून बसली होती. मी मात्र त्या बाईच्या तोंडाकडे पाहत होते. भाकरी थापताना बाईचं तोंड असतं तसं तिचं तोंड होतं. भीती नाही, हसू नाही. काम चाललं आहे, एवढंच. हसली ती खाली उतरल्यावर, तेही मालकानं बोट दाखवल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपली घेऊन सरळ सर्कशीच्या तंबूंकडे गेले. एवढ्या माणसांना भाजी लागणारच. तर तीच बाई बादलीतले कपडे पिळत बसलेली. मला पाहून उठली, कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन म्हणाली, "ये धनिया है या घास?"

मी म्हटलं, "घास असन तं नोको घेऊ. तुमच्या घोड्याले घालजो."

ती हसली. आदल्या दिवशी तारेवरून उतरल्यावर हसली होती तसं नाही, खरं हसली. मग तिनं बराच वेळ घासाघीस केली. मी तिला माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, "वहां उपर डर नहीं लगता क्या?"

"लगता है," ती म्हणाली. "पर टिकट तो बिक गया ना." आणि मी नाही म्हणायच्या आत टोपलीतल्या दोन मिरच्या उचलून तिनं पदरच नसलेल्या कमरेला खोचल्या.

तिचं नाव मी विचारलं नाही, तिनं माझं विचारलं नाही.

पुढच्या लग्नसराईत शेलूबाजारच्या एका घरानं मला बोलावलं. खताबियाण्यांचं दुकान, मोठं घर, रस्त्यावर दार. हत्ती झाले, भालदार झाले, गणपती झाला. दाराच्या वर, एका हत्तीच्या सोंडेपासून दुसऱ्याच्या सोंडेपर्यंत फुलांचा हार काढायचा होता. मी आधी नुसती रेघ ओढली, फुलं नंतर भरू म्हणून. रेघ ओढून खाली उतरले, वर पाहिलं, आणि मला ती तार दिसली. हार दिसेचना. मग मी पुन्हा चढले आणि तिच्यावर ती बाई काढली. लग्नाच्या दारावर तोकडा फ्रॉक चालला नसता, म्हणून नऊवारी नेसवली. कासोट्यामुळे पाय मोकळे झाले. पायात जोडवी घातली. छत्री राहू दिली.

नवरदेवाची आई बाहेर आली आणि तिनं कपाळावर हात मारला. "हे काय काढलं वं? डोंबारीण? माह्या घरी सून येऊन राह्यली का खेळ?"

"हार काढत होती. तार झाली," मी म्हटलं.

"मंग पुस ते!"

मी पुसायला फडकं ओलं केलंच होतं. एवढ्यात अंगणात बाजेवर बसलेली म्हातारी, म्हणजे नवरदेवाची आजी, ओरडली, "थांब वं. मले उठवा." तिला धरून दारासमोर आणलं. तिनं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"उजवा पाय पुढं हाये का?" तिनं मला विचारलं. तिला नीट दिसत नव्हतं.

"हाव. उजवाच हाये."

"मंग बराबर हाये. उंबऱ्यावरचं माप लवंडते तवा नवरी उजवाच पाय टाकते. राहू द्या तिले." मग सुनेकडे वळून म्हणाली, "मी या घरी आली तवा अशीच आली होती. कोनं काढलं नाही, एवढंच."

सासूचं तोंड बंद झालं, कारण सासूलाही सासू होती.

दुसऱ्या दिवशी नवरी आली. एकोणीस-वीस वर्षांची पोरगी, रडून डोळे सुजलेले. माप लवंडण्याआधी तिनं वर पाहिलं आणि एकदम फिसकन हसली. बायांनी तिला दटावलं. ती तरी हसतच आत गेली.

तिथून पुढं लोक माझ्याकडे प्रत्येक दारावर तारेवाली मागू लागले. सासवा नाही मागत, नवरीकडच्या आया मागत, आज्या मागत. कोणी म्हणे एक हत्ती माहेर आणि एक हत्ती सासर. एका विधवा बाईनं सांगितलं, तारेवालीच्या मागंपुढं कोणी काढू नको, तिची तिला जाऊ दे. मी कोणालाच काही सांगितलं नाही. अर्थ सांगायचे पैसे मला कोणी देत नव्हतं. फक्त एक नेम सगळीकडे पसरला, त्या म्हातारीच्या तोंडून: बाईचं तोंड कुठल्याही हत्तीकडे असो, पाय उजवाच पुढं हवा. तो नेम मी कधी मोडला नाही.

सर्कशीतला विदूषक मात्र एकदाच काढला. एका दारावर भालदाराच्या डोक्यावर मी त्याची गोंड्याची टोपी चढवली, पोरांना गंमत म्हणून. तर नवरदेवाचा मामा रुसून बसला. तो भालदार आपल्यासारखा दिसतो असं त्याचं म्हणणं. दिसत होता खरा. टोपी पुसून पागोटं काढलं तेव्हा तो जेवला.

मग फ्लेक्स आला. नवरा-नवरी बदामात उभे, वर गणपती, खाली सगळ्या काका-मामांचे फोटो. सकाळी सांगितलं की दुपारी छापून तयार. मातीच्या भिंती गेल्या, प्लॅस्टिकचा रंग आला, त्याच्यावर गेरू धरत नाही. मला बोलावणं बंद झालं. मी काही रडत बसले नाही. वांगी होतीच. पुढं माझा हात कापायला लागला आणि शिडीही सुटली.

माझ्या नातीचा हात चांगला आहे, हे ती लहान असतानाच मला कळलं. ती अमरावतीला चित्रकला शिकली. एकदा सुट्टीत आली आणि म्हणाली, "आजी, आमचे सर सांगत होते, मोठमोठे चित्रकार सर्कशीतल्या बाया अन् विदूषक काढत आले. ते प्रतीक असते."

"कायचं प्रतीक?"

"माणसाच्या जगण्याचं."

"असन बापा," मी म्हटलं. "मी तं तिले कोथिंबीर विकली होती."

ती इतकी हसली की तिच्या बापानं आतून विचारलं काय झालं. पण त्या दिवसापासून तिच्या मनात दारं बसली. तिला भिंतीवर काढायचं होतं, वहीत नाही. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या मुलाला, ते पटत नव्हतं. त्याचं म्हणणं, दारावरची चित्रं आता कोणाला हवीत, त्यापेक्षा वाशिमला तलाठ्याच्या परीक्षेचा क्लास लाव. दोघांचं रोज वाजायचं. शेवटी तो म्हणाला, "एक दार करून दाखव. लोकायले आवडलं तं पुढं कर. नाहीतर क्लास." ती हो म्हणाली. पण दार कोण देणार?

गेल्या वर्षी मी बाजारात बसले होते, तर एक बाई समोर येऊन उभी राहिली. केस पिकलेले, हातात मोठी पिशवी.

"मावशी, वळखलं का?"

"वांगे घेशीन तं वळखीन."

"शेलूबाजारची मी. तुमच्या तारेवालीखालून आली होती, ते हसणारी."

मग ओळखलं. तिच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, मेडशीची मुलगी. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं होतं, तेव्हा ती भिंतही गेली. तिला नव्या दारावर तशीच तारेवाली हवी होती.

"मी शिडीवर चढत नाही आता," मी म्हटलं. "माही नात काढीन."

"पोट्टी? तिनं कधी काढली हाये का दारावर?"

"नाही. तू तरी याच्या आंधी कधी सासू झाली होती का?"

ती हसली. वांगी घेतली. जाताना मागं वळून म्हणाली, "मावशी, उजवा पाय. बाकी काई म्हणत नाही मी."

"तिले मालूम हाये," मी म्हटलं. माझ्या हातचं नसलं तरी माझ्या घरचं काम असेल, असा शब्द दिला.

नात लग्नाच्या आधी चार-सहा दिवस तिथं जाऊन राहिली. प्लॅस्टिकच्या रंगावर धरेल असे रंग तिनं कारंज्याच्या रंगवाल्या चाचांकडून घोटून घेतले. मी गेले हळदीच्या दिवशी. जीपमधून उतरले तर दारासमोर बायांचा घोळका. कोणी बोलत नव्हतं. बायांचा घोळका आणि बोलणं नाही, तेव्हाच मी समजले काहीतरी बिघडलं.

वर पाहिलं. हत्ती छान, गणपती छान. तारेवाली डावीकडे निघालेली, नऊवारीचा रंग हिरवा, तोंड माझ्या बाईपेक्षा चांगलं. आणि पाय डावा पुढं.

नवरदेवाची आई मला पाहून म्हणाली, "पाहा मावशी. मी एकच गोष्ट सांगितली होती."

तिचा दीर गुंडाळलेला फ्लेक्स बगलेत धरून तयारच होता. "वैनी, कायले डोकं लावता? फ्लेक्स बांधतो वरतून, सारं झाकून जाते. उद्या पाहुणे येतीन."

नात शिडीवरून उतरली. तिनं मोबाईल काढला आणि आम्हाला दाखवला. फोटोत ती आमच्या हौदाच्या काठावर चालत होती, कोणी फोटो काढायला नव्हतं म्हणून मोबाईल भाजीच्या कॅरेटवर टेकवून पुढच्या डोळ्यानं काढला होता, म्हणजे आपलं आपल्याला दिसतं. भिंतीवरच्या बाईला साडी तिनं मनानं नेसवली होती, ती बरोबर होती. पाय फोटोतले होते.

"आजी," ती हळूच म्हणाली, "पुढचा कॅमेरा आरशावानी असते. उलटा फोटो आला. मी उजवाच टाकला होता."

"टाकला असशीन. भिंतीवर डावा हाये."

तिचं तोंड उतरलं. ती रडेल असं मला वाटलं, पण रडली नाही. एक बाई म्हणाली, "बुढीले चढवा ना. दोघीजणी धरा, तिच्या हातचा पाय तेवढा होऊन जाईन." दुसरी म्हणाली, "हाव, तिचं नाव हाये." माझी बोटं शिवशिवत होती, हे खरं आहे. कापणाऱ्या हातानंही मी तो पाय काढला असता.

"मी चढत नाही," मी म्हटलं. "जिनं काढली तिनंच नीट करावं."

"अन् तिले नाही जमलं तं?" दीर म्हणाला.

"तं तुहा फ्लेक्स हायेच."

 पहिली तारेवाली काढली त्या दिवशी नवरदेवाच्या आईची सासू जिथं उभी होती, तिथंच आता नवरदेवाची आई उभी होती, कमरेवर हात ठेवून. बाजेवर मात्र आता कोणी म्हातारी नव्हती. होते ती मीच, आणि त्या घरात माझा शब्द चालणार नव्हता.

नातीनं मला विचारलं, "आजी, काय करू वं?"

"मले काय इचारतेस? तिकीट तं विकल्या गेलं."

कोथिंबिरीची गोष्ट तिनं माझ्या तोंडून अनेकदा ऐकली होती. ती ओठ दाबून हसली आणि फडकं खांद्यावर टाकून शिडी चढू लागली. मध्येच थांबली. डावा पाय पायरीवर, उजवा वरच्या पायरीसाठी उचललेला. तशीच थांबली. स्वतःच्या पायाकडे पाहत राहिली. खाली कोणाला वाटलं तिला चक्कर आली.

"काय झालं वं पोरी?"

"काही नाही. काकू, पंखा आना एक."

तिनं सगळी बाई पुसली नाही. पुढचा डावा पाय तसाच ठेवला, तारेवर रोवलेला. मागचा उजवा पाय तेवढा पुसला आणि वर पांढरा मारला. मांडवातला पंखा लांब वायर लावून आणला, तो एका पोरानं स्टुलावर उभं राहून भिंतीवर धरला. वाळेपर्यंत बाया हळदीच्या कामाला लागल्या, पण एकेक जण सारखी बाहेर येऊन पाहत होती. नवरदेवाची आई हललीच नाही.

मग नातीनं तो उजवा पाय पुन्हा काढला. मागं नाही. तारेवरून उचललेला, डाव्याच्या पुढं गेलेला, तारेच्या वर हवेत. अंगठा जरा वर, जोडवी दिसणारी. कासोट्याला दोन नव्या रेघा दिल्या. छत्री थोडी कलती केली, कारण एका पायावर बाई तशीच कलते. उतरली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

मी पाहिलं आणि मला जे दिसलं ते सरळ सांगते. मी आयुष्यभर जेवढ्या तारेवाल्या काढल्या, त्या सगळ्यांचे दोन्ही पाय तारेवर होते. उजवा पुढं, डावा मागं, आणि बाई उभी. तारेवर उभी राहिलेली बाई. सर्कशीत मी चालणारी पाहिली होती, पण भिंतीवर मला ती चालवता आली नाही, आणि चालत नाही हे मला कळलंही नाही. हिच्या पहिल्याच दारावर ती चालली.

नवरदेवाची आई पुढं झाली. मान वर करून पाहत राहिली. मग म्हणाली, "उजवाच हाये. अन् टाकून राह्यली."

"टाकला नाही अजून काकू," नात म्हणाली. "टाकते आता."

"उद्या सून टाकीन," ती बाई म्हणाली आणि फिसकन हसली, नवरी होती तेव्हा हसली होती तशीच. मग दिराकडे वळली. "भाऊजी, तो फ्लेक्स मांगं नेऊन बांधा, भांडे घासतात तिथं. उन्हात बसतात बिचाऱ्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेडशीहून वरात आली. मी थांबले होते, मुद्दाम थांबले होते. उंबऱ्यावर धान्याचं माप ठेवलं. नवरीनं उजवा पाय उचलला आणि त्याच वेळी कोणीतरी तिला म्हटलं, वर पाहा. तिनं पाहिलं. खाली हिचा पाय उचललेला, वर तिचा. सगळ्या बाया एकदम हसल्या. नवरीनं पाय तसाच धरून ठेवला, फोटोवाल्यानं फोटो काढला, आणि मग तिनं माप लवंडलं. असं लवंडलं की तांदूळ पार माजघरापर्यंत गेले.

लोक माझ्याकडे येऊन म्हणाले, तुमच्या हातची वाटते. मी प्रत्येकाला सांगितलं, नाही, माझ्या हातची नाही, ती पोरगी तिथं उभी आहे, तिला विचारा. एकानं तिचा नंबर घेतला, मग दुसऱ्यानं. माझा मुलगाही आला होता. तो कोपऱ्यात उभा राहून सगळं पाहत होता. क्लासचं नाव त्यानं त्यानंतर काढलं नाही. काढलं असतं तर मी होते.

जीपमध्ये बसल्यावर नातीनं विचारलं, "आजी, तू काहीच बोलली नाहीस. कशी झाली?"

"हत्तीचे कान लहान झाले."

"खऱ्या हत्तीचे तेवढेच असतात. तूच सांगितलं होतं, सर्कशीत पाह्यले म्हणून."

"सर्कशीतल्या हत्तीचे असतीन. दारावरच्याचे मोठे पायजेत."

 परवा मानोऱ्याच्या वाटेवरच्या एका दारावर ती काम करत होती आणि मी खाली शिडी धरून उभी होते. हत्तींचे कान तिनं लहानच काढले. तारेवालीचा उजवा पाय हवेत. मी शिडी घट्ट धरली आणि कानांबद्दल पुन्हा बोलले.